क्वेबेकच्या शेतकरी पूर्वजाचा शोध: चर्चच्या वह्या की नोटरीचं दप्तर?

आमची सून कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताची, माहेर तिथल्या कामुरास्काकडचं. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ लिहायला बसलो. माझी गाडी चौथ्या पिढीलाच अडली; तिच्या बाजूने मात्र दोन महिन्यांत १६६०च्या दशकापर्यंत पोचलो.

ही करामत चर्चच्या वह्यांची. बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी तिथे १६२१पासून आहेत. १६७९पासून त्यांची दुसरी प्रतही ठेवली जाई, त्यामुळे एक वही जळली तरी आशा असते. पहिल्या लग्नाच्या नोंदीत बहुधा दोघांच्याही आईवडिलांची नावं मिळतात, आणि बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरच्याच आडनावाने राहते. मग काय, एका लग्नावरून आधीच्या लग्नावर असं मागे मागे जायचं.

खाचखळगे दोन. विधुराच्या दुसऱ्या लग्नात आईवडील न देता ‘अमुकीचा विधुर’ एवढंच लिहितात. तिथे पहिलं लग्न शोधायलाच हवं. मी ते न कळून पंधरा दिवस घालवले. दुसरा खळगा ‘दी’ नावांचा: ‘मिव्हील दी देशेन’ म्हणजे देशेन म्हणवले जाणारे मिव्हील. एक भाऊ पहिलं नाव लावतो, दुसरा नंतरचं. दोन्ही नावांनी शोधा.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर या वह्यांची छायाचित्रं फुकट दिसतात, पण पानं उलटायची तयारी हवी. द्रुएँ संग्रह (याच वह्यांच्या छायाचित्रांचा) आणि मॉन्ट्रिऑल विद्यापीठाचा पीआरडीएच (जुन्या कुटुंबांची माहितीसूची) यांना पैसे मोजावे लागतात. पीआरडीएचमध्ये कुटुंबं जुळवून ठेवलेली आहेत, त्यामुळे १८००च्या आधीच्या पिढ्यांसाठी मी पैसे देऊन मोकळा होईन. तांगे यांचा सात खंडी वंशकोश (१८७१ ते १८९०) फक्त सुगावा म्हणून वापरा, त्यात चुका आहेत.

पण शेतकरी म्हणून त्याची ओळख वहीत किती? ‘अबितां’ किंवा ‘क्युल्तिव्हातर’ (दोन्हींचा अर्थ शेतकरी), एक शब्द. फार तर पुढे ‘सही करता येत नाही असे सांगितले’. जमीन किती, गुरं किती, काही नाही.

ते नोटरीकडे सापडतं, म्हणजे लोकांचे करार लिहून ते जपून ठेवणाऱ्याकडे. लग्नाचा करार, जमीनदाराकडून मिळालेली जमीन (बहुधा नदीकाठची अरुंद, लांबलचक पट्टी), माणूस गेल्यावर घरातल्या भांड्यांपासून नांगरापर्यंत केलेली यादी. सगळ्यांत वाचनीय दानपत्र. म्हातारा शेत एका मुलाच्या नावे करतो आणि बदल्यात मरेपर्यंतचं पोषण लिहून घेतो: इतका गहू, एक पोसलेलं डुक्कर, दाराशी आणून फोडलेलं सरपण आणि ‘न मरणारी गाय’. म्हणजे गाय मेली तर मुलाने दुसरी आणून बांधायची! बापाचा मुलावर किती विश्वास होता, ते अशा कलमांवरून ताडावं.

अडचण अशी, की नोटरीचं अक्षर दिव्य, भाषा कायद्याची, आणि मुळात नोटरी कोणता हेच ठाऊक नसतं. करार बहुधा लग्नाच्या थोडे दिवस आधी, आसपासच्याच नोटरीकडे होई. लग्नाची तारीख हाती असेल तर क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर त्या भागातल्या नोटरींच्या तारीखवार सूच्या चाळा. म्हणून वंशावळ आधी, दप्तर नंतर. उलट्या क्रमाने गेलात तर दमाल.

फ्रेंच अजिबात येत नसेल तर १८७१ची खानेसुमारी बघा. शेतीचे वेगळे तक्ते आहेत: एकर, पिकं, गुरं, मेपलची साखरसुद्धा किती पौंड ते.

पूर्वज अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या गिरण्यांकडे गेलेल्यांपैकी असेल तर आधी नाव सरळ करा. तिथे बुआव्हेरचा (फ्रेंचमध्ये ‘हिरवं लाकूड’) शब्दशः भाषांतर होऊन ग्रीनवुड होतो. त्याचं लग्न फ्रेंच कॅथलिक चर्चमध्ये झालं असेल तर आईवडिलांची नावं बहुधा तिथल्या वहीत मिळतात, आणि तिथून क्वेबेकचं दार उघडतं.