भारंगीचं रोप: जात खरी, पिशवी जुनी

चिपळूणजवळ महामार्गालगतच्या एका रोपवाटिकेतलं भारंगी या पावसाळी रानभाजीचं रोप, किंमत ६० रुपये. पाचापैकी साडेतीन तारे.

तीन तारे जातीचे. भारंगी मागितली की 'ब्लू बटरफ्लाय' हातात पडायची भीती असते. फुलं दोन्हींची सारखीच, चार पाकळ्या फिकट आणि एक गडद निळी. पण ते आफ्रिकेतलं शोभेचं झुडूप, भाजीच्या कामाचं नाही. फुलं नसताना पानावरून ओळखायचं: भारंगीचं पान वीतभर, जाडसर, करवती कडांचं, देठ जवळजवळ नाहीच. खोड चौकोनी, आणि एका पेरावर बरेचदा तीन पानं. कारी या रानझुडपाशीही गल्लत नको. तिचं पान रुंद, लवदार, चुरगाळलं की उग्र वास. इथली रोपं या परीक्षेला उतरतात.

तारे कापले ते पिशवीपायी. रोपं गेल्या पावसाळ्यापासून त्याच पिशवीत, मुळं तळाशी वेटोळं घालून बसलेली. तशीच लावली तर ती बाहेरच्या मातीत शिरत नाहीत. उन्हाळ्यात वरची काडी वाळते आणि पहिल्या पावसाला मुळावरून नवे फुटवे येतात. मूळच खुरटं असेल तर फुटवे कुठून येणार? पिशवी उभी चिरायची, तळाची गुंडाळलेली मुळं इंचभर छाटायची, मगच लावायचं. दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर फूटभर खड्डा, निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत, दोन रोपांत ३ फूट अंतर. पाणी साचणाऱ्या कातळाच्या खोलगटात मुळं कुजतात. उताराची, विरळ सावलीची जागा बरी. 'रोज पाणी घाला' हा विक्रेत्याचा सल्ला पावसाळ्यात सोडून द्या.

पहिल्या वर्षी पाला खुडू नये. पुढच्या जूनला शेंड्याची कोवळी पानं घ्या, चिरून उकळा, पाणी घट्ट पिळून टाका. इथे कंटाळा केला की भाजी कडूजहर. मग कांदा, लसूण, मिरची, भिजवलेले कडवे वाल, शेवटी गूळ आणि ओलं खोबरं.

फुलांचीही भाजी हवी असेल तर दोन रोपं घ्या. तुरा शेंड्यालाच येतो. पाल्यासाठी शेंडे खुडत राहिलं तर तुरे मिळत नाहीत. आणि पिशवीतून मूळ जमिनीत शिरलेलं रोप स्वस्तात देऊ केलं तरी नको, उचलताना मुख्य मूळ तुटतं.