बेळगावच्या हस्तकला प्रदर्शनातला माझा पहिला स्टॉल: सोयी कशा होत्या आणि माल किती न्यावा

जानेवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी बेळगावात टिळकवाडीत एका कार्यालयात हस्तकलेचं प्रदर्शन होतं, त्यात मी पहिल्यांदा स्टॉल घेतला. आयोजकांचं नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, पण ज्या बायका असला स्टॉल घ्यायचा विचार करायलेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं आकड्यांसकट लिहिते. खास करून माल किती न्यायचा ते, कारण मला हे सांगणारं कुणीच भेटलं नाही आणि डिसेंबरभर तोच एक प्रश्न डोक्यात होता.

मी खानापूरची. बाळांचे कपडे शिवते, झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, गोधड्या, कुणी सांगितलं तर अख्खा बाळंतविडा. आजवर ओळखीतनं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर यायची, जेवढी ऑर्डर तेवढंच शिवायचं, त्यामुळे शिल्लक हा प्रकारच माहीत नव्हता. स्टॉलचं सगळं उलटं, आधी पैसे घालून शिवून ठेवायचं आणि मग घेणारं कोण येतंय त्याची वाट बघायची. फोन करून आयोजकांना विचारलं की मागच्या वर्षी साधारण किती लोक आले होते, तर उत्तर आलं "लई गर्दी असतंय, भरपूर आणा." भरपूर म्हणजे किती हे काही सांगेनात. माझी पहिली तक्रार हीच आहे. तुम्ही भाडं घेताय तर मागच्या वेळी किती स्टॉल होते, गर्दी कधी असते, लोक साधारण किती रुपयांचं घेतात एवढं तरी सांगा की, नव्या बाईला त्यावरच सगळं ठरवायचं असतं.

भाडं दोन दिवसांचं ३,००० रुपये. फॉर्मवर लिहिलेलं ६ फुटी टेबल, २ खुर्च्या, १ प्लग, १ ट्यूब. मिळालं ४ फुटी टेबल, आणि प्लग बंद. आता ४ फूट काय आणि ६ फूट काय असं वाटेल पण माल ठरवताना मी घरी जमिनीवर खडूनं ६ फुटाचा चौकोन आखून त्यात सगळं मांडून बघितलं होतं, कुठली चळत कुठं बसते ते बघून मग शिवायचं थांबवलं होतं. टेबल छोटं निघाल्यावर पाव-एक माल टेबलाखाली पिशवीत गेला, आणि पिशवीतलं कोण विकत घेणार? शनिवारभर मी वाकून वाकून काढून दाखवत होते. सांगितल्यावर रविवारी सकाळी त्यांच्यातल्या दोन मुलांनी एक बाक आणून दिला, पोरं चांगली होती, पळापळ करून करायची, त्यांना मनापासून धन्यवाद.

मी नेलेलं असं: झबली ६०, टोपडी ३०, कुंच्या २४, दुपटी २०, बाळाच्या गोधड्या १२, मोठ्या गोधड्या ३, बाळंतविड्याचे सेट ६ आणि उरलेल्या कापडाचे बटवे ४०. एकूण १९५ नग, विक्रीच्या किमतीनं ४९,२०० रुपयांचा माल. हा आकडा कसा आला तर कुणीतरी सांगितलेलं की भाड्याच्या दहापट विक्री धरायची आणि त्याच्या दुप्पट माल न्यायचा, म्हणजे माझ्या हिशोबानं ६०,००० चा. तेवढं शिवणं एकटीला झेपलं नाही, पन्नासच्या आसपास थांबले, आणि आता वाटतंय ते बरंच झालं.

दोन दिवसांत विकलं १९,२९० रुपयांचं. शनिवारी ६,४५० आणि रविवारी १२,८४०. ११५ नग गेले, ८० परत आले. भाडं, मारुती व्हॅनचं पेट्रोल ७००, जेवण नि कागदी पिशव्या ६०० असा वरचा खर्च ४,३०० झाला, कापडाचे पैसे वेगळे. पहिल्या वेळेला भाड्याच्या सहापट विक्री म्हणजे मला चांगली वाटते, दहापट धरून कुणी कर्ज काढून माल शिवू नका.

पण नुसत्या एकूण आकड्यावरनं काही कळत नाही, काय गेलं आणि काय राहिलं ते बघायला पाहिजे. झबली मी तीन मापांत सारखी शिवलेली, नवजात २०, तीन महिन्यांची २०, सहा महिन्यांची २०. मनात हिशोब हा की बाळंतविडा घेणारी बाई नवजात बाळासाठीच घेणार. नवजात मापाची गेली फक्त ४! तीन महिन्यांची ९, आणि सहा महिन्यांची १८. हे मला आधी सुचायला पाहिजे होतं कारण आपल्यात बाळ जन्मायच्या आधी कपडे घेऊन ठेवत नाहीत, घरात जुन्या मऊ साडीची दुपटी नि कुणाकुणाची वापरलेली झबली काढून ठेवतात, नवीन कपडा येतो तो बाळ बघायला येणाऱ्यांकडनं नाहीतर बारशाला, आणि ते सगळे एकच बोलतात, "वाढत्या अंगाचं द्या". कन्नड बोलणाऱ्या बायका पण तेच, "दोड्ड सैज ऐतेन्री?", म्हणजे मोठं माप आहे का. वर्षाच्या बाळाचं माप मी एकपण नेलं नव्हतं आणि रविवारी निदान पंधरा जणींनी तेच मागितलं.

दुसरी मोठी चूक काळ्या झबल्यांची. प्रदर्शन संक्रांतीच्या दहा दिवस आधी. पहिल्या संक्रांतीला बाळाला काळं झबलं घालून हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करतात हे मी स्वतः माझ्या दोन्ही पोरांचं केलंय, तरी माल ठरवताना मी फक्त "सुंदर काय दिसतं" एवढाच विचार केला, तारखेचा केलाच नाही. काळी ८ च शिवलेली. शनिवारी दुपारी एकच्या आत संपली. त्यानंतर रविवार संध्याकाळपर्यंत "काळं आहे का काळं" ऐकून ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. शनिवारी रात्री घरी जाऊन शिवावं म्हटलं तर घरात काळं कॉटन नाही आणि खडेबाजारातली दुकानं गाठायला उशीर झालेला. शेवटी वही काढली आणि १०० रुपये अ‍ॅडव्हान्स घेऊन ९ ऑर्डर लिहून घेतल्या, संक्रांतीच्या आत पोचवल्या. त्याचे पैसे वरच्या हिशोबात धरलेले नाहीत.

बटव्यांचं पण तसंच. ते मी उरलेल्या चिंध्यांतनं केलेले, ४० बटवे ४० प्रिंटचे, ४० रुपयांना एक. सगळे गेले. पण जी बाई यायची ती हळदीकुंकवाच्या वाणासाठी बघायची आणि विचारायची "असेच २५ मिळतील का?" वाण म्हणजे सगळ्यांना एकसारखं पाहिजे, एकीला मोराचं नि दुसरीला फुलाचं दिलं की नंतर बोलणी होतात. शहापूरच्या एका काकूंनी ५१ ची ऑर्डर दिली, रथसप्तमीपर्यंत वेळ होता म्हणून जमलं. मी जर ४० प्रिंटऐवजी दोनच प्रिंट घेऊन दीडशे केले असते तर संपले असते असं मला ठाम वाटतं. विविधता दाखवायच्या नादात आपण एकेकच नग करतो आणि मग घेणारीला पाहिजे तेवढे देता येत नाहीत.

शेजारचा स्टॉल अथणीकडच्या एका काकांचा होता, कोल्हापुरी चपलांचा. लोक त्यांना सारखं विचारायचे की कोल्हापुरी आणि अथणीत कशी, आणि ते न कंटाळता सांगायचे की २०१९ ला जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन) मिळालंय ते आठ जिल्ह्यांना मिळून, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. या काकांकडनं मी दोन दिवसांत जे शिकले ते कुठल्या व्हिडिओत नाही. ते म्हणाले, "बाई, नंबर आधी, डिझाईन मागनं." एका डिझाईनच्या मधल्या नंबरांच्या चार-चार जोड्या आणायच्या, टोकाच्या नंबरांची एकेक. आवडलेली चप्पल पायात बसली नाही तर गिऱ्हाईक दुसरं डिझाईन घेत नाही, उठून जातंय. पाच-सहाच डिझाईनं होती त्यांच्याकडं पण प्रत्येकाला बसेल अशी. माझ्याकडं झबल्यांतच चौदा प्रिंट होती आणि आवडलेल्या प्रिंटमध्ये पाहिजे ते माप नाही, हे किती वेळा झालं ते मोजलंच नाही.

त्यांनीच शनिवारी मला सावरलं पण. दुपारी दोनपर्यंत माझी विक्री दोन हजाराच्या आतच होती आणि मी सगळ्यावर १० टक्के सूट असं पुठ्ठ्यावर लिहायला घेतलेलं. काका म्हणाले थांबा, शनिवारी बघून जातात नि रविवारी नवऱ्याला, सासूला घेऊन येतात. खरंच तसंच झालं, रविवारी चार ते सात या तीन तासांत जेवढं गेलं तेवढं अख्ख्या शनिवारी नाही गेलं. गोव्याची मंडळी पण रविवारीच जास्त दिसली, चंदगड-गडहिंग्लजकडची पण. मी वहीत प्रत्येक विक्रीसमोर वेळ लिहीत होते म्हणून हे सांगू शकते, तुम्ही पण लिहा, पुढच्या वेळचा माल त्या वहीवरनंच ठरतोय.

गोधड्यांबद्दल लिहिताना जरा वाईट वाटतंय. मोठी गोधडी एक शिवायला मला पंधरा-वीस दिवस जातात, हातानं धावदोरा घालायचा, २,८०० किंमत लावली होती आणि ती जास्त नाही. तीनपैकी एक पण गेली नाही. बाळाच्या १२ पैकी ४ गेल्या, ७५० प्रमाणे. परत आलेल्या २९,९१० रुपयांच्या मालात जवळजवळ निम्मे पैसे या ११ गोधड्यांचेच आहेत, आणि टेबलावरची निम्मी जागा पण त्यांनीच घेतलेली. पण एक सांगते, मागच्या पडद्यावर लावलेल्या त्या लाल-निळ्या गोधडीमुळेच लोक थांबायचे. म्हाताऱ्या बायका यायच्या, हात फिरवायच्या, टाके बघायच्या, "आमच्या अव्वा अशीच कौदी शिवायची" म्हणायच्या (कन्नडमध्ये अव्वा म्हणजे आई, कौदी म्हणजे गोधडी) आणि जाताना नातवासाठी टोपडं घ्यायच्या. म्हणून मोठी गोधडी एकच न्यायची, लावायला. कुणी मागितली तर ऑर्डर घ्यायची.

कुंच्या ११ गेल्या, दुपटी ७, टोपडी १९, सेट ३. यात विशेष सांगण्यासारखं नाही, फक्त सेटमधलं झबलं नवजात मापाचं म्हणून दोघींनी सेट सोडवून सुटं मागितलं आणि मी दिलं नाही. द्यायला पाहिजे होतं.

बाकी सोयींचं म्हणाल तर बायकांचं बाथरूम स्वच्छ होतं, पाणी होतं, रात्री वॉचमन होता आणि माल जिथल्या तिथं सापडला. त्यामुळे खानापूरला रोज सगळं परत न्यावं लागलं नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. हॉलमध्ये मोबाईलचं नेटवर्क मात्र अगदीच कमी, स्कॅन करून लोक दारापर्यंत जायचे पैसे पाठवायला, दोन-तीन जण तसेच गेले पण असतील. सुट्टे पैसे भरपूर न्या, माझी १८० ची झबली म्हणजे प्रत्येक वेळी २० परत. पुढच्या वेळी किंमत सुटसुटीत लावणार. आणि मापाच्या चिठ्ठ्या मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा, माझ्या मुलीनं लिहून दिलेल्या, त्यामुळे गर्दीत प्रत्येकीला तोंडानं सांगत बसावं लागलं नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार देते. टेबल आणि प्लगचा अर्धा-अर्धा कापला, अर्धा त्या "भरपूर आणा" साठी.

मार्चमध्ये निपाणीला एक दिवसाचं प्रदर्शन आहे, त्यासाठी आत्ताच शिवायला बसलेय. एकच दिवस आहे म्हणून २०,००० च्या आसपासचाच माल. झबली ५०, त्यात नवजात ८ (ती शिल्लकीतलीच), तीन महिने १०, सहा महिने १८ आणि वर्षाची १४, पण प्रिंट चारच. उन्हाळा तोंडावर म्हणून कुंच्या ६ च, सगळं पातळ मलमल. बटवे ६०, तीन प्रिंटचे वीस-वीस. बाळाच्या गोधड्या ५ आणि मागं लावायला ती लाल-निळी. फॉर्म भरायच्या आधी तिथल्या ताईंना फोन करून टेबलाची लांबी फुटात विचारली, त्यांनी मोजून परत फोन केला, ५ फूट आहे. खडूनं तेवढाच चौकोन आखलाय.