चोक ओढणं बंद झालं, खिसा मात्र हलका झाला

माझी 1998ची जिप्सी, 1.3 लिटर, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारी जुनी यांत्रिक सोय. मागचा हौदा उघडा, त्यात आमचं मांडवाचं सामान. कुर्ल्याच्या सीएसटी रोडजवळच्या एका गॅरेजात तिला फ्युएल इंजेक्शन, म्हणजे मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवून घेतलं. इंजिनाचं हेड तेच, कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी (हवा-पेट्रोल आत सोडणारा भाग), शिवाय इलेक्ट्रिक पंप, टाकीपर्यंत परतीची नळी, सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे हे सगळं चालवणारा छोटा कॉम्प्युटर. मिस्त्री म्हणाला, "काका, चार दिवस." लागले अकरा.

काम वाईट नाही, पण सेन्सर पाइपाच्या खालच्या अंगाला वेल्ड केला होता. तिथे पाणी साचून तो लवकर मरतो, वरच्या अंगाला तिरका हवा. मी भांडलो तेव्हा काढून बसवला, वर वेल्डिंगचे पैसे मागितले! दिले नाहीत. अर्थिंगची वायरही सैल होती. भांडुपला सिग्नलवर गाडी दोनदा बंद पडली, तेव्हा कळलं.

आता मात्र सकाळी थंड इंजिनासाठी चोक ओढायला नको, एका चावीत सुरू. पूर्वी मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी ठप्प. आता दाबाखाली पेट्रोल फिरत राहतं, तो त्रास गेला. कसारा घाटात चढाला कार्ब्युरेटरच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल कलंडून इंजिन खोकायचं, तेही थांबलं. अ‍ॅव्हरेज नऊवरून साडेदहा, म्हणजे बिल वसूल व्हायला माझा नातू मोठा व्हावा लागेल. जुना कार्ब्युरेटर मागून घ्या. माझा त्यांनी जवळजवळ भंगारात घातलाच होता.