इंजेक्शन की ऑपरेशन: गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका घरातून

माझी उंची ५ फूट ७ इंच आणि एप्रिल २०२५मध्ये वजन १२८ किलो. शुगर होती, शिवाय स्लीप ॲप्नियामुळे, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या विकारामुळे, रात्री सीपॅप या हवा देणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपावं लागे. त्या एप्रिलपासून मी वजन उतरवण्यासाठी दर आठवड्याला टिर्झेपटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन घेऊ लागलो आणि त्याच वर्षी डिसेंबरात स्लीव्हचं, म्हणजे पोट लहान करण्याचं, ऑपरेशन करून घेतलं. दोन्ही वाटांनी चाललोय म्हटल्यावर ओळखीतले लोक मलाच विचारतात, काय करू सांगा. फोनवर पाच मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून लिहितो आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) कसा काढतात, ही औषधं मुळात कशी आली, हे तुम्ही एव्हाना वाचलेलं असणार. त्यात शिरत नाही.

आधी इंजेक्शनाबद्दल, कारण सुरुवात तिथूनच केली आणि त्याच्याविषयी मनात आजही कृतज्ञता आहे. मार्च २०२५मध्ये टिर्झेपटाइड भारतात आलं तेव्हा ते छोट्या कुपीत मिळायचं: अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना, पाचची ४,३७५ला. सिरिंजने अर्धा मिली औषध ओढायचं आणि पोटाच्या कातडीखाली टोचायचं. दुखणं असं काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात दुपारी जेवायला बसलो होतो. शीत (भात), हुमण (माशांची आमटी) आणि तळलेला बांगडा. अर्धं शीत संपलं आणि हात आपोआप थांबला. आई म्हणाली, "बरं वाटत नाही का रे तुला?" बरं वाटत होतं, फक्त अजून हवं असं वाटत नव्हतं. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आपल्याला इच्छाशक्ती नाही, असं लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला तो क्षण काय वाटतो ते ज्याचं त्यालाच कळेल. भूक हीसुद्धा शरीरातली एक यंत्रणा आहे आणि ती बिघडू शकते, हे मला पुस्तकाने पटवलं नव्हतं, त्या ताटाने पटवलं.

मळमळ झाली, बद्धकोष्ठता झाली, डोस वाढवला की दोन दिवस तोंडाची चव जायची. सहन होण्यासारखं होतं. कागदावर आकडेही चांगले आहेत. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सर्वांत जास्त डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरलं होतं. सेमाग्लुटाइड या तशाच दुसऱ्या औषधाच्या २०२१च्या चाचणीत ६८ आठवड्यांत १४.९ टक्के. त्या लोकांना मधुमेह नव्हता. मधुमेह असला की उतार थोडा कमी मिळतो, आणि गोव्यातल्या वाचकाने हे विशेष लक्षात ठेवायला हवं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३च्या अहवालात देशात मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. माझं वजन पाच महिन्यांत १२८वरून ११५वर आलं.

मग मी का थांबलो?

फ्रीजमुळे. हे ऐकून लोकांना वाटतं की मी खरं कारण टाळतोय, पण खरं कारण हेच आहे. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं. बाहेर ठेवलंच तर ३० अंशांच्या आत आणि जास्तीत जास्त २१ दिवस. गोठू द्यायचं नाही, गोठलं तर टाकून द्यायचं. पणजीत फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला हे नियम जाणवतही नसतील. आमचं घर वाळपईच्या पुढे आहे. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाणं ही बातमी नसते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आंब्याची मोठी फांदी तारांवर पडली आणि ३८ तास लाईट नव्हती. रात्री सीपॅप बंद, म्हणून झोप नाही. बाहेर धो धो पाऊस. आणि मी टॉर्च घेऊन फ्रीजसमोर उभा, दार उघडावं की नको या विचारात. शेवटी आईने सांगितलं तसं केलं. कुप्या डब्यात घातल्या, डबा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि पाण्याच्या मडक्याला टेकवून ठेवला. पूर्वी घरात दूध असंच ठेवायचे. सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलं, "३८ तास." त्यानंतर लाईट गेली की तिथेच तास लिहायचे आणि बेरीज करत राहायची, २१ दिवसांच्या हिशेबासाठी. पावसाळा संपेपर्यंत ते पान आकड्यांनी भरून गेलं होतं.

औषध बिघडलं की नाही हे पाहून कळत नाही, आणि मला सर्वांत जास्त छळलं ते यानेच. दूध नासलं तर वास येतो. हे पाण्यासारखं स्वच्छ असतं आणि स्वच्छच राहतं. फार्मसीत विचारलं तर उत्तर प्रामाणिक होतं, "सांगता येणार नाही." मग त्या आठवड्यात भूक जरा जास्त लागली की मनात किडा वळवळायचा: डोस कमी पडतोय, मी जास्त खातोय, की औषधातच आता काही उरलेलं नाही?

चतुर्थीला शेवटचा घाव बसला. सणाला फ्रीज कसा भरतो ते सांगायला नको. दूध, नारळाचा रस, नेवऱ्यांचं सारण, पाहुण्यांनी आणलेले डबे. कोणीतरी कुप्यांचा डबा मागे सरकवला, कोणीतरी थंडावा वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. दोघांचाही हेतू चांगलाच होता. पंचमीच्या सकाळी कुपी हातात घेतली तर आत काचेच्या कपच्यांसारखा बर्फ दिसला. चारही कुप्यांत. १७,५०० रुपयांचं महिन्याचं औषध कचऱ्यात टाकताना मी कोणालाच काही बोललो नाही.

लगेच नवीन घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते. एका डोसला उशीर झाला तर चार दिवसांच्या आत घेता येतो. माझे चार डोस चुकले. तिसऱ्या आठवड्यात भूक परत आली, हळूहळू नाही, जणू दाराआड उभीच होती. पाच आठवड्यांत चार किलो वाढले. डॉक्टरांनी पुन्हा अडीच मिलिग्रॅमपासून सुरू करायला सांगितलं आणि मळमळही नव्याने सुरू झाली. सेमाग्लुटाइड बंद केलेल्या लोकांचं उतरलेलं वजन वर्षभरात दोनतृतीयांश परत आल्याचं मी आधी वाचलं होतं. वाचणं वेगळं. जे औषध बहुधा जन्मभर घ्यायचंय त्याचा प्रत्येक थेंब थंडाव्यावर अवलंबून आहे आणि तो थंडावा माझ्या हातात नाही, हे तेव्हा कळलं. दरम्यान त्याचं पेनही बाजारात आलं. पण वापरायला घेईपर्यंत पेनही फ्रीजमध्येच ठेवावं लागतं.

ऑपरेशनाकडे मी असा वळलो. स्लीव्हमध्ये पोटाचा, म्हणजे जठराचा, सुमारे ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून फक्त पोट लहान होत नाही, भूकही उतरते. आधी दोन आठवडे यकृत आक्रसावं म्हणून कमी उष्मांकाचं पातळ खाणं. ही इंजेक्शनं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, त्यामुळे भूल देण्यापूर्वी ती कधी थांबवायची हे भूलतज्ज्ञाला विचारूनच ठरवावं लागतं. पोटावर पाच छोटी छिद्रं. तिसऱ्या दिवशी घरी.

त्रास काही कमी नाही, आणि तो लपवून मी कोणाला ऑपरेशन टेबलावर पाठवणार नाही. पहिले दोन आठवडे फक्त पातळ. आमच्याकडे आजाऱ्याला पेज देतात, तिचं वरचं पाणी गाळून आई तीस मिलीच्या औषधाच्या कपातून द्यायची, आणि तो कप संपायला पंधरा मिनिटं लागायची. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळले. आता परत आलेत. ब१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व जन्मभर चालू राहणार आणि रक्ततपासणीही. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून सहा महिने त्याची गोळी होती. खड्यांचा धोका इंजेक्शनातही असतो. टाक्यांच्या रेषेतून गळती होण्याची शक्यता थोडी असते, पण असते, आणि पहिल्या महिन्यात ताप किंवा नाडी वाढली तर थांबून चालत नाही.

रोजच्या जगण्यात मला सर्वांत जड गेलं पाणी. जेवताना प्यायचं नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. हुमणाचा तिखट घास गेल्यावर हात तांब्याकडे जातोच. पाव तर जवळजवळ सुटला. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंपू वाजतो, उंडो हा आमचा गोल पाव घरात येतो, पण मऊ पाव त्या अरुंद पोटात गोळा होऊन अडकतो. शीतही दोन-तीन चमचेच. मासळी मात्र सोसते, अगदी छान सोसते, आणि दिवसाची साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं भरायला तिचाच आधार. जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत अंडी, मूग आणि पनीरवर काढावं लागलं. दारू घेत असाल तर फार सावध. ऑपरेशननंतर ती भराभर चढते, आणि काहींना तिची नव्याने ओढ लागते.

ऑपरेशनच्या वेळी ११६ किलो होतो. आज आठ महिन्यांनी ९०. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ८.४ होतं ते ५.९ झालं आणि दिवसाला एकच गोळी उरली. झोपेची तपासणी पुन्हा करून डॉक्टरांनी सीपॅप बंद केलं. हे एका माणसाचे आकडे आहेत, तेवढ्याच वजनाने घ्या. स्लीव्हनंतरही काहींचं वजन काही वर्षांनी वाढतं. शस्त्रक्रियेच्या बाजूने एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते: तिची नोंद जुनी आहे. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या अभ्यासात ऑपरेशन केलेल्या लोकांचा कितीतरी वर्षं पाठपुरावा झाला आणि त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. त्यातली बहुतेक ऑपरेशनं जुन्या प्रकारची होती, स्लीव्ह नव्हे, हेही सांगायला हवं.

पैशांचं थोडक्यात. माझ्या पॉलिसीत इंजेक्शनाला एक रुपयाही नव्हता. ऑपरेशनाचं बिल साडेतीन लाखांच्या आसपास झालं आणि त्यातला मोठा भाग मिळाला. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या नियमानुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून तीव्र स्लीप ॲप्निया, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल आणि इतर उपाय करून झालेले असतील, तर विमा कंपनीला सरसकट नकार देता येत नाही. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ मात्र आधी वाचून घ्या. आणि आधीच्या उपायांचे कागद जपून ठेवा. माझ्या इंजेक्शनाच्या पावत्या तिथे कामाला आल्या.

बीएमआय तिशीच्या आसपास असेल, शुगर नुकतीच लागली असेल, घरात इन्व्हर्टर असेल आणि महिन्याचा खर्च पेलत असेल, तर मी इंजेक्शनच आधी सुचवेन. मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपल्यामुळे त्याच्या किमतीची गोष्टही आता वेगळी आहे. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर ही औषधं घेऊ नयेत, आणि स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं. ऑपरेशनाकडे झुकत असाल आणि छातीत जळजळ, आंबट ढेकर हा जुना त्रास असेल, तर स्लीव्हऐवजी पोटाच्या बायपासचं (लहान केलेलं पोट थेट पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) विचारा, कारण स्लीव्हने तो वाढू शकतो. बायपासमध्ये जीवनसत्त्वांची कमतरता जास्त भासते आणि अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्या कायमच्या बंद होतात. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून पोटात फुगा ठेवतात, त्याचं मी फारसं मनावर घेतलं नाही. साधारण सहा महिन्यांनी तो काढतात, आणि माझा प्रश्न सहा महिन्यांचा नव्हता.

पण वजन माझ्याएवढं असेल, सोबत मधुमेह आणि झोपेचा विकार असेल, आणि घर गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याही वाड्यावर माडांच्या आणि तारांच्या खाली असेल, तर एकदा सर्जनला भेटाच असं मी म्हणेन. ऑपरेशनाची भीती मलाही होती. ती एका सकाळची होती. फ्रीजची धास्ती रोजची होती.

ठरवण्याआधी दोन गोष्टी करून बघा, दोन्हींना खर्च नाही. पुढचा महिनाभर लाईट गेली की कॅलेंडरवर तास लिहा. आणि एक आठवडा जेवताना तांब्या समोर ठेवू नका, जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने पाणी प्या. दोन्हींतलं काय जास्त जड जातं ते पाहा आणि ते कागद घेऊनच डॉक्टरकडे जा.