सुपरचार्जरला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह: व्हॉल्व्ह चांगला, किट अपुरं

अ‍ॅल्युमिनियम बॉडीचा पिस्टन व्हॉल्व्ह, वेल्ड करायची फ्लँज, ओ-रिंग, दोन स्प्रिंगा आणि हातभर व्हॅक्यूम नळी. ‘टर्बो व सुपरचार्जर दोन्हींसाठी’ म्हणून ऑनलाइन मिळणारं हे ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं बिनब्रँडचं किट. थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा रोखणारी झडप) बंद झाला, की इंजिनाच्या व्हॅक्यूमने उघडून टर्बो किंवा सुपरचार्जरने दाबलेली हवा सोडून देणं हे या व्हॉल्व्हचं काम. पिस्टन बोटाने दाबला तर कुठेही न अडकता सरकतो, फ्लँजही सपाट बसते. पण ‘दोन्हींसाठी’ हे निम्मंच खरं.

आधी थ्रॉटल कुठे आहे ते बघा. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू प्रकारच्या ब्लोअरच्या (म्हणजे सुपरचार्जरच्या) आधी थ्रॉटल असेल, तर त्याला बायपास, म्हणजे जादा हवा परत फिरवायची वाट, बहुधा दिलेलाच असतो. तिथे ब्लोअरच्या पुढे हा व्हॉल्व्ह लावला, की आयडलला तो बाहेरची हवा ओढतो आणि आरपीएम चढतात. त्या गाडीला हे किट घेऊच नका. सेंट्रिफ्यूगल (फिरत्या पात्यांच्या) ब्लोअरच्या पुढे थ्रॉटल असेल, तर मात्र व्हॉल्व्ह हवाच.

टर्बो एक्झॉस्टवर फिरतो, पाय काढला की त्याचा जोर ओसरतो. सुपरचार्जर बेल्टवर फिरतो. साताऱ्याजवळ कासहून यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना थ्रॉटल बंद, इंजिन ३००० वर, आणि ब्लोअर खालपर्यंत हवा ढकलतोच आहे. एकदा ‘फुस्स’ करून भागत नाही, व्हॉल्व्ह तेवढा वेळ उघडा राहायला हवा. नाहीतर हवा उलटी फिरून पात्यांवर येते, फडफड ऐकू येते आणि बेअरिंग मार खातं. म्हणून दोनपैकी मऊ स्प्रिंगच घाला.

मऊ स्प्रिंगने व्हॉल्व्ह आयडललाही उघडा राहतो, आणि किटमधल्या व्हॉल्व्हचं तोंड बाहेर उघडं! ऊसतोडीच्या दिवसांत इथल्या रस्त्यांवर जी धूळ असते, ती फिल्टर चुकवून आत जायला ही वाट पुरते. शिवाय गाडीला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर असेल, तर मोजलेली हवा बाहेर गेली तरी पेट्रोल तेवढंच पडतं: मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), काळा धूर, गिअर बदलताना झटका. म्हणून सोडलेली हवा बाहेर न जाता ब्लोअरकडे परत नेणाऱ्या नळीचा अडॅप्टर वेगळा घ्यावाच लागतो. ती नळी एमएएफच्या पुढे आणि ब्लोअरच्या आधी जोडायची. एमएएफच्या मागे जोडली तर तीच हवा दोनदा मोजली जाते.

व्हॉल्व्हची जागा इंटरकूलरनंतर (तो दाबलेली हवा थंड करतो), थ्रॉटलजवळ. पाइप गाडीवर असताना भोक पाडू नका, कीस थेट इंजिनात जातो. पाइप काढा, भोक पाडा, आतली धार कानशीने मोडा, एमआयडीसीत टिग वेल्डिंग करून घ्या, आतून धुऊन मगच चढवा. वेल्डिंगच्या वेळी ओ-रिंग काढलेली हवी. मूळ पाइप प्लॅस्टिकचा असेल तर तेवढा तुकडा अ‍ॅल्युमिनियमचा करावा लागेल.

किटमधली व्हॅक्यूम नळी वापरू नका. ती पातळ आहे, बॉनेटच्या उष्णतेत मऊ पडून व्हॅक्यूमने चपटी होते आणि व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. जाड भिंतीची सिलिकॉन नळी घ्या, शक्य तितकी आखूड ठेवा आणि थ्रॉटलनंतर मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावर) स्वतंत्र जोड द्या. ब्रेक बूस्टरच्या नळीत टी मारणं धोक्याचं: इथली गळती थेट ब्रेकवर येते.

शेवटी हातपंपाने व्हॅक्यूम द्या. पिस्टन उचलून तसाच राहिला पाहिजे; हळूहळू खाली आला तर सील किंवा नळी गळते आहे. पिस्टनला हलक्या इंजिन ऑइलचा हात पुरे. ग्रीस लावलं की धूळ चिकटून तो अर्ध्यावर अडकतो, आणि मग बूस्टच (हवेचा दाब) भरत नाही.