मिराज २०००: एच करावं, आय करावं की डॅश फाइव्ह?

ग्वाल्हेरात गच्चीवर उभं राहिलं की महाराजपूरच्या हवाई तळावरून उठलेलं मिराज २००० हे हवाई दलाचं लढाऊ विमान आवाजावरूनच कळतं. पण ते जुनं एच आहे की सुधारलेलं आय, हे आवाजावरून सांगता येत नाही, कारण सुधारणेत इंजिन बदललंच नाही. एम५३-पी२ होतं तेच राहिलं. किट जोडून त्याचं छोटं मॉडेल करणाऱ्याची पंचाईत इथूनच सुरू होते. जे बदललं ते नाकाच्या आत, कॉकपिटात आणि पोटाखाली, आणि शेल्फवर ठेवलेल्या मॉडेलच्या नेमक्या ह्याच तीन जागा कुणाला दिसत नाहीत.

किट उघडायच्या आधी साल ठरवा. एच १९८५ पासूनचं. सुधारणेचा करार जुलै २०११ मधला. पहिली दोन आय विमानं मार्च २०१५ मध्ये फ्रान्सात इस्त्रला ताब्यात मिळाली आणि बाकीचं काम बंगळुरूला एचएएलकडे गेलं. म्हणजे काही वर्षं दोन्ही प्रकार एकाच वेळी उडत होते. म्हणून ज्या विमानाचा केएफने सुरू होणारा क्रमांक मॉडेलवर लावणार, त्याच विमानाचा आणि त्याच काळातला फोटो समोर हवा. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एचला मायका क्षेपणास्त्रं लावणं. एचचं आरडीएम रडार सुपर ५३० डी आणि मॅजिक २ या जुन्या क्षेपणास्त्रांच्या जमान्यातलं आहे. मायका आली ती आरडीवाय-२ रडारबरोबर.

दोघांतला खरा फरक इथेच आहे. सुपर ५३० डी अर्धसक्रिय. ते लक्ष्यावर पोचेपर्यंत विमानाला रडारचा झोत तिकडेच धरून ठेवावा लागतो. वजन साधारण २७० किलो, त्यामुळे ते पंखाखालच्या आतल्या पायलनवरच (क्षेपणास्त्र किंवा टाकी टांगायच्या आधारावरच) जातं आणि दोनच नेता येतात. पंखाखालच्या मोठ्या टाक्यांची जागाही तीच. क्षेपणास्त्रं लावली की टाक्या गेल्या, मग उरते ती पोटाखालची १३०० लिटरची एकच टाकी. मायकाचं वजन ११२ किलो आणि तिचं स्वतःचं रडार असतं. चार मायका पोटाखाली कडेकडेने बसतात, बाहेरच्या पायलनवर आणखी दोन, आणि आतले पायलन टाक्यांना मोकळे राहतात. वैमानिकाला यापेक्षा काय हवं! कागदावर आयच सरस, यात वाद नाही.

टेबलावर मात्र घोडं इथेच अडतं. १/४८ मध्ये (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या मॉडेलात) पोटाखालचे चार पायलन म्हणजे चार स्वतंत्र जुळण्या. नुसत्या गोंदावर ते टिकत नाहीत. रंगकामात हाताळताना एखादा हमखास निखळतो आणि जाताना रंगाचा टवका घेऊन जातो. प्रत्येकाला ०.५ मिमीचं भोक पाडून पितळी तारेची खुंटी द्यावी लागते. चारही एका रेषेत आहेत ना, हे समोरून आणि मागून दोन्हीकडून पाहावं लागतं, कारण एक जरी दोन अंशांनी तिरका गेला तरी समोरून तोच डोळ्यात भरतो. एवढं करून विमान पायांवर उभं केलं की पोटाखाली जेमतेम बोटभर जागा. दोन्ही पंखांखाली २००० लिटरच्या टाक्या लावल्या, तर बाजूनेही मायका झाकल्या जातात. टाक्या काढाव्यात तर ज्या सोयीसाठी आय निवडलं तीच जाते. मला वाटतं, आय करताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो सगळ्यात कमी दिसणाऱ्या कामात.

कॉकपिटाचंही तेच. आयमध्ये जुन्या घड्याळी डायलांच्या जागी पडदे आले. पण सहा इंचांचा पडदा धरला तरी १/४८ मध्ये तो तीन मिलिमीटर. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटावरचं पारदर्शक झाकण, बंद ठेवणार असाल तर पडद्यांच्या डिकालमागे (चिकटवायच्या छापील चित्रामागे) डोळे फोडू नका. उघडी ठेवणार असाल तर पडद्यावर चकचकीत वार्निशचा एक थेंब पुरतो.

उलट सुपर ५३० डी १/४८ मध्ये जवळपास ७९ मिमी लांब आणि साडेपाच मिमी जाड येतं. पंखाखाली, बाजूने पाहताच दिसेल असं. (मायका ६५ मिमी आणि सव्वातीन मिमी.) दोनच पायलन, दोनच क्षेपणास्त्रं, आणि केलेलं सगळं दिसतं.

म्हणून एच अगदी बिनत्रासाचं आहे असंही नाही. बहुतेक किटं फ्रान्सच्या सी प्रकाराची असतात, म्हणून भारतीय खुणा वेगळ्या मिळवाव्या लागतात. घरी छापल्या तर हवाई दलाच्या तिरंगी गोलातली केशरी कडा गडद रंगावर मळकट दिसते, कारण प्रिंटरच्या शाईत पांढरा रंग नसतो. पांढऱ्या डिकाल कागदावर छापून काठाशी नेमकं कापा. नाकाच्या टोकावरची प्लास्टिकची पिटो नळी (खऱ्या विमानात वेग मोजणारी) घासतानाच मोडते. ती सुरुवातीलाच कापून टाका आणि रंगकाम संपल्यावर २६ नंबरच्या इंजेक्शनच्या सुईचा तुकडा बसवा. जाडी साडेचार दशांश मिमीच्या आसपास, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते.

डॅश फाइव्ह, म्हणजे मिराज २०००-५ हा प्रकार, तेव्हाच घ्या, जेव्हा कतार, तैवान किंवा ग्रीसचं विमान मनात असेल. अमिरातीचं डॅश नाइनही त्याच रांगेतलं. पोटाखालच्या मायकांचा त्रास तिथेही तोच आणि ग्वाल्हेरशी नातं काही नाही. फ्रान्सच्या डॅश फाइव्हला नाकावरची पिटो नळी नाही, एवढा एक दिलासा.

कोणतंही घेतलं तरी दोन कामं टाळू नका. पंखाचे वरचे-खालचे भाग चिकटवण्यापूर्वी मागची धार आतून घासून पातळ करा, नाहीतर डेल्टा पंख पाटासारखा दिसतो. आणि सगळं टेपने जोडून पायांवर उभं करून पाहा. मागे बसत असेल तर नाकात शिशाचे छर्रे घाला, पण ते इपॉक्सीनेच चिकटवा. पांढऱ्या गोंदात शिसं काही वर्षांनी फुगतं आणि नाकाची शिवण उकलते.

आय करायचंच असेल तर तळाला फूटभर लांबीचा आरसा ठेवा, म्हणजे मायका दिसतील. त्यात पोटाची शिवणही दिसेल, तेव्हा ती आधी नीट भरून घ्या.