किकबॉक्सर २ की स्टारशिप ट्रूपर्स २?

भारनियमनाच्या वेळेआधी या दोन्हींपैकी एकच चित्रपट पाहता येईल, म्हणून दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी भाचा पेचात पडला होता. दोन्ही साधारण दीड तासांचे असल्यामुळे वेळेचा प्रश्न उरत नाही.

खर्चाची कात्री 'स्टारशिप ट्रूपर्स २' (२००४) मध्ये अधिक बोचते, कारण १९९७ च्या मूळ चित्रपटाला सुमारे १० कोटी डॉलर लागले होते आणि या भागाला जेमतेम ७० लाख. परिणामी माणसांचे महाकाय कीटकांशी चाललेले आकाशगंगेतले युद्ध एका अंधाऱ्या चौकीत कोंडले जाते. मात्र दिग्दर्शक फिल टिपेट यांनीच पहिल्या भागातील कीटक घडवले असल्याने किळस आणि भीती बऱ्यापैकी जमली आहे.

'किकबॉक्सर २' (१९९१) मध्ये पहिल्या भागाचा नायक व्हॅन डॅम नाही. त्याचे पात्र मारून टाकले आहे, आणि हा अन्याय मला अजूनही पचलेला नाही. तरीही नवा नायक साशा मिशेलच्या मारामाऱ्या उजेडात, स्पष्ट दिसतात.

पंचक्रोशीतली कुस्त्यांची दंगल न चुकवणाऱ्या मामांसोबत बसायचे असेल, तर 'किकबॉक्सर २' बरा. एकट्याने, दिवा मालवून, मूळ चित्रपट विसरून पाहणाऱ्याने 'स्टारशिप ट्रूपर्स २' निवडावा.